शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस समाजात चांगला बदल घडवण्यासाठी नक्की काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की संगीत विशारदची परीक्षा पास झालात, सांगली जिल्ह्यात राहता आणि आठवड्याचे दोन-तीन तास देऊ शकता. मग एखादा मोठा कार्यक्रम करावा की आणखी काही? मी म्हणेन, कार्यक्रम मागाहून बघू, आधी वर्ग सुरू करा. एकच जागा, एकच वार, एकच वेळ आणि निदान १६ आठवडे.

तुमच्याच भागात याला आधार आहे. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढतात. स्वरलिपी (गाणं कागदावर लिहिण्याची पद्धत), छापील पुस्तकं, ठरलेला अभ्यासक्रम यांमुळे ज्याच्या घरात गाणं नाही त्यालाही शिकता येऊ लागलं. मिरजेत जन्मलेल्या गायिका हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या, तेव्हा लोकांपुढे बसून गाणाऱ्या बाईकडे बघण्याची नजर बदलत गेली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीत सभा होते, म्हणजे दर्ग्याच्या आवारातही गाण्याला जागा आहे. तिन्ही ठिकाणी बदल घडला तो गाण्यात कोणाला आणि कुठे जागा मिळाली यामुळे. तुमच्या वर्गातही तोच प्रश्न महत्त्वाचा.

जागा निवडताना जिल्हा परिषदेची शाळा सोयीची. पण सांगली-साताऱ्यात ऊसतोड टोळ्यांच्या मुलांचाही विचार करा. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात आणि साधारण मार्चपर्यंत परततात. म्हणून "पुढच्या वर्षी पुढचे राग" असा बेत तिथे फसतो. १६ आठवड्यांत पूर्ण होईल एवढंच शिकवा. आईबाप पहाटेच फडावर जातात, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते. "लहान भावाला आणू नकोस" म्हणालात की ती मुलगी गेलीच. भाऊ बसेल मांडीवर, बसू द्या.

एका वर्गात २० ते २५ मुलं आणि ४५ मिनिटं. पहिली ५ मिनिटं फक्त तंबोरा ऐकणं आणि सा लावणं. मग १५ मिनिटं भूप रागातले पलटे (स्वरांच्या ठरावीक रचना उलटसुलट गाणं), १० मिनिटं हाताने टाळी-खाली देत तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके), उरलेल्या वेळात बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं छोटं गाणं. भूपच का, तर त्यात म आणि नी नाहीत, स्वरांमधली अंतरं मोकळी असतात, त्यामुळे नवख्याचा गळा कमी घसरतो. पट्टी, म्हणजे सा पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा, हा मोठा घोटाळा: पुरुष शिक्षक स्वतःच्या काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) शिकवतात आणि मुलांना ते एक तर फार खाली जातं, नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळावं लागतं. ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी काळी चार किंवा काळी पाच धरा. आवाज फुटू लागलेल्या मुलांना त्यात ओढू नका. त्यांना ताल धरायला द्या, नाहीतर हसं होईल या भीतीने ती येणंच सोडतात.

हार्मोनियम सा देण्यापुरतीच. प्रत्येक स्वर पेटीवर वाजवत राहिलात तर मुलं पेटीमागे धावतात, स्वतःचा आवाज ऐकतच नाहीत, आणि पेटी थांबली की सूर खाली बसतो. मोबाइलवरचा तंबोरा चालेल, पण फोनच्या स्पीकरवर खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा जाड सूर, ऐकूच येत नाही. जरा मोठा स्पीकर जोडा. खरा तंबोरा मिळाला तर सोनंच. मात्र भोपळा एसटीच्या गर्दीत तडकतो, म्हणून रोज नेण्या-आणण्यापेक्षा तो शाळेतच राहू द्या किंवा बिनभोपळ्याची चपटी तंबोरी घ्या. मिरजेतल्या कारागिराकडून जवारी काढून आणा (तार घुमावी म्हणून घोडी घासून घेणं) आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा मुलांना सरकवू द्या. दोरा केसभर पुढे-मागे होतो, मिटलेली तार एकदम खुलते, घुमायला लागते. ज्या मुलीला घरी-दारी कशालाही हात लावू दिला जात नाही, तिच्या बोटांनी ती तार बोलते. प्रत्येकाला तंबोऱ्यावर २ मिनिटं, हजेरीपटाच्या क्रमाने; राहिलेल्यांना पुढच्या आठवड्यात. मर्जीवर ठेवलंत तर सरपंचांचा मुलगाच वाजवत बसेल.

बसण्याकडेही लक्ष हवं. मुलं आपोआप वस्तीप्रमाणे बसतात, पुढे तीच, मागे तीच. दर आठवड्याला पहिली रांग बदला आणि पाच-पाच जणांचे गट स्वतः पाडा. सगळ्यांना एकत्रच गायला लावलंत तर दोन मोठे आवाज ऐकू येतात आणि बाकीचे नुसते ओठ हलवतात. बंदिशीच्या शब्दांवरून कोणाच्या घरी कुरबुर होईल असं वाटलं, तर तराण्याने, म्हणजे अर्थाच्या शब्दांऐवजी नुसत्या बोलांच्या गाण्याने, सुरुवात करा. "तनन दिर दिर" कोणत्याच घरात खटकत नाही आणि मुलांना त्याची लय आवडते.

तबलजीला पैसे द्या. तुम्हाला फुकट परवडतं म्हणून त्यालाही परवडतं असं नाही. त्याचा दिवस बुडतो. शाळा व्यवस्थापन समितीकडे निदान प्रवासखर्च आणि मानधन मागा. साथीदार टिकत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तिसऱ्या महिन्यापासून एखाद्या बाईंना किंवा नववीतल्या मुलीला सा देणं आणि पलटे घेणं सोपवा. तुम्ही आजारी पडलात तरी वार चुकायला नको.

शेवटी छोटी बैठक जरूर करा. सत्कार आणि हारतुऱ्यांतच पाऊण तास जातो, म्हणून मुलं आधी गातील, पाहुणे नंतर बोलतील, हे आमंत्रण देतानाच सांगून ठेवा. स्टेजवर तंबोऱ्याचा आवाज पुढे जातो, मुलांना ऐकूच येत नाही आणि शिकवलेलं सगळं बेसूर होतं. त्यासाठी त्यांच्या पाठीमागे, जमिनीवर, एक वेगळा स्पीकर ठेवा आणि त्यातून फक्त तंबोरा सोडा.