बीबीसीच्या पहिल्या संध्याकाळी श्रोत्यांनी नेमके काय ऐकले?

१४ नोव्हेंबर १९२२ रोजी संध्याकाळी सहा वाजता लंडनमधील मार्कोनी हाउस येथील ‘टू एल ओ’ केंद्रावरून बीबीसीचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे, पहिले प्रसारण झाले. आर्थर बरोज यांनी वाचलेल्या बातमीपत्रात रेल्वेतील दरोडा, लंडनचे धुके, शेक्सपिअरच्या ‘फर्स्ट फोलिओ’ची, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाची, विक्री आणि चक्क बिलियर्ड्सचे ताजे गुणही होते. मला सर्वांत रंजक वाटते ते हे की, तेच बातमीपत्र त्यांनी एकदा वेगाने आणि एकदा सावकाश वाचले आणि यांपैकी कोणती गती सोयीची वाटते, हे श्रोत्यांनाच विचारले. कानांनी बातम्या ग्रहण करणे तेव्हा सर्वांनाच नवीन होते. दुसऱ्याच दिवशी सार्वत्रिक निवडणूक असल्याने तिचे निकालही रेडिओवरून सांगितले गेले.