आजीच्या गुरूंत अजगर कसा?

प्रिय ईशान,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकला. आजी गरुडेश्वरहून आल्यापासून रोज सकाळी पोथी घेऊन बडोद्याच्या कमाटीबागेत जाते, झाडाखाली बसून दोन-चार ओव्या वाचते आणि मग नुसतीच इकडेतिकडे बघत राहते. विचारलंस तर म्हणाली, ‘माझ्या गुरूंना बघतेय,’ आणि त्या गुरूंत एक अजगरही आहे म्हणे! ‘अजगर गुरू कसा असेल? आणि मराठी लोक सगळेच असं मानतात का?’ असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय. जोडाक्षरं अडली तर आजोबांकडून वाचून घे.

सगळे मानत नाहीत. आपले आजोबाच बघ, आरतीला टाळ्या वाजवतात आणि प्रसाद खाऊन पेपर उघडतात. काही घरांत वारी असते, काही घरांत गणपतीचे दहा दिवस सोडले तर विशेष काही नसतं. आजीच्या माहेरी दत्ताचं होतं, ते तिने इकडे आणलं.

गरुडेश्वर नर्मदेच्या काठावर आहे, डभोईवरून जावं लागतं. तिथे वासुदेवानंद सरस्वतींची, म्हणजे टेंबे स्वामींची समाधी आहे. ते कोकणातल्या माणगावचे, जन्म १८५४चा. संन्यास घेतल्यावर देशभर पायी फिरले आणि १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला त्यांनी इथे देह ठेवला. त्या पुण्यतिथीला जोडून आजीचं भजनी मंडळ काही दिवस तिथे राहतं. तू त्याला रिट्रीट म्हणालास, म्हण बापडा. पण त्यात आराम फारसा नाही. पहाटे उठून आंघोळ, जमिनीवर चटई, एक वेळ जेवण, दुपारी पोथी, संध्याकाळी करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना, आणि फोन बंद. (फोन बंद असल्याचा त्रास आजीपेक्षा मलाच जास्त होतो.) आजीचं सगळंच असं दोन काठांवरचं आहे. करुणात्रिपदी टेंबे स्वामींची, मराठी. दर गुरुवारी म्हणते ती दत्तबावनी मात्र गुजराती, नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांची. तेही मराठी घरातले आणि टेंबे स्वामींचे शिष्य.

यंदा दुपारी एकनाथी भागवत वाचलं. संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत लिहिलेली ही टीका, १५७३ साली काशीत पूर्ण झाली. तिच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात तुझा अजगर आहे.

यदू नावाच्या राजाला रानात एक अवधूत, म्हणजे सगळं सोडून भटकणारा साधू, भेटतो. घर नाही, पैसा नाही, तरी मजेत. राजा विचारतो, ‘तुला कशाचंच ओझं कसं नाही? कोणी शिकवलं?’ अवधूत म्हणतो, मला चोवीस गुरू आहेत, आणि यादी सांगायला लागतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य… मग कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा, पोटातून धागा काढणारा कोळी. माणसं थोडीच. राजाने काय अपेक्षा केली असेल कोण जाणे, बहुधा एखाद्या मोठ्या ऋषीचं नाव.

अजगराकडून त्याने एवढंच घेतलं, की मिळेल ते खावं, गोड असो वा बेचव, थोडं असो वा पुष्कळ. नाही मिळालं तर आरडाओरडा न करता पडून राहावं. आता तू म्हणशील, मग मीही दिवसभर लोळतो. ते नाही चालायचं. अवधूताने अजगर आख्खा घेतला नाही, त्याचा एक गुण घेतला. एकनाथांची ओवीच आहे, ‘जो जो जयाचा घेतला गुण । तो तो म्यां गुरु केला जाण.’ मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की इथे निवड शिष्याची आहे. गुरूला तर पत्ताही नाही आपण गुरू झालो ते.

आणि काही गुरू चुकून दाखवतात. पतंग दिव्यावर झेपावतो, मासा गळाच्या आमिषाला भुलतो. ते बघून आपण सावध व्हायचं. मधमाशी तर दोन्ही शिकवते. ती फुलाफुलातून थोडं थोडं घेते, तसं शहाण्याने लहान-मोठ्या सगळ्या ग्रंथांतून सार घ्यावं. पण तीच मध साठवून ठेवते आणि शेवटी दुसराच कोणीतरी घेऊन जातो. म्हणजे पोथी कशी वाचायची हे पोथीतच एक माशी सांगते! आजी बागेत दोन-चार ओव्यांवर थांबते ते बहुतेक म्हणूनच. आळस समजू नकोस.

फोन का बंद, तेही त्यात आहे. घरी पाहुणे आलेले असताना एक मुलगी साळी कांडायला बसते. हातातल्या बांगड्या वाजतात, म्हणून ती दोन-दोन ठेवून बाकीच्या काढते. तरी आवाज होतोच. शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवते. अवधूत म्हणतो, घोळक्यात भांडण, दोघांत गप्पा, म्हणून एकटं राहावं. आजीने एवढं टोक गाठलेलं नाही. भजनी मंडळाच्या बायका बरोबर असताना बांगड्या वाजणारच.

विश्वामित्री नदीतली मगर त्या यादीत नाही. तुला पंचविसावा गुरू करायचा असेल तर कर, कोणी अडवणार नाही. मगरीण काठावर खड्ड्यात अंडी घालते आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते, ज्या जबड्याला सगळे घाबरतात त्यातच. गुण कुठला घ्यायचा तो तू बघ. पण बघायचं ते पुलावरून आणि आजोबांबरोबर. काठावर उतरायचं नाही, पावसात तर नाहीच.

चार-पाच दिवसांत कांदेनवमी येईल. आजी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, म्हणून तो लागायच्या आधी, त्या दिवशी घरात कांदाभज्यांचा घाणा सुरू होईल. पोटभर खा. तुला नियम धरायची सक्ती नाही. ती म्हणालीच तर माझं नाव सांग.

एक गुरू मात्र मला अजून पटलेला नाही, तो म्हणजे कपोत, कबुतर. त्याची पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, कबुतरी आक्रोश करत त्यांच्यामागे जाऊन अडकते, आणि शेवटी तोही जाळ्यात शिरतो. अवधूत म्हणतो, इतका मोह नको. मी लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा पारध्याचा राग आला होता. आता कबुतराची बाजू घ्यावीशी वाटते. आजीची मुलगी इतकी वर्षं इतक्या लांब राहते आणि ती दरवर्षी ही गोष्ट वाचते. तिला काय वाटतं, हे मी कधी विचारलेलं नाही. तू विचार, तुला सांगेल. आणि मग मला लिहून कळव, मराठीत, चुका झाल्या तरी चालतील.

तुझी,
आई