वाचकांचे प्रश्न : योगासने, रसायन आणि रक्तदाबाची गोळी

प्रश्न : माझे वय 68 असून रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी मी अनेक वर्षे घेते. रोज सकाळी मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारून नंतर अर्धा तास आसने करते. मैत्रिणींच्या सांगण्यावरून महिनाभरापासून अश्वगंधा चूर्ण आणि कोरड्या खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा घेत आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, एक काय ते धर.’ दोन्ही शास्त्रे एकत्र चालवणे चुकीचे आहे का?
– एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : चुकीचे नाही, पण वैद्यांच्या औषधाचा डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या गोळीचा वैद्यांना पत्ता नसणे धोक्याचे आहे, आणि आपण तर चूर्ण व काढा दोघांनाही न विचारता सुरू केला आहे.

ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे गोळी ज्याला खाली आणते, त्यालाच काढा वर ढकलतो. शिवाय रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेही कोरडा खोकला येतो, तेव्हा आपल्या गोळीचे नाव आधी पाहावे. अश्वगंधेने थायरॉईड संप्रेरक वाढू शकते. मग गोळीचा ठरलेला डोस जास्त होऊन धडधड, निद्रानाश अशा तक्रारी सुरू होतात. ‘झाडपाल्याने काय होणार’ हा समज आयुर्वेदाचाही नव्हे, कारण प्रकृती, अग्नी (पचनशक्ती) आणि वय पाहिल्याशिवाय जाणकार वैद्य अश्वगंधेसारखे रसायन, म्हणजे बलवर्धक औषध, देत नाहीत. म्हणून काढा आजच थांबवावा, चूर्णही तूर्त बंद ठेवावे, आठवडाभर घरी रक्तदाब मोजून लिहावा, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि हेच कागद डॉक्टर व वैद्य दोघांनाही दाखवावेत. गोळ्या मात्र स्वतःहून सोडू नयेत.

व्यायामाच्या बाबतीत ही दोन शास्त्रे किती जवळ येतात, हे पाहून मला नेहमी आनंद होतो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सुश्रुतसंहिता आणि अष्टांगहृदय हे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथ सांगतात; श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धी शक्ती खर्च झाली, ही सुश्रुतांची खूण आहे. आज डॉक्टर मध्यम व्यायाम ओळखायला सांगतात, तेव्हा बोलता यावे पण गाता येऊ नये, अशी कसोटी देतात. तलावाभोवती चालताना या दोन्ही खुणा आपण स्वतःच पडताळू शकाल.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. तोलासाठी भिंतीजवळ उभे राहून वृक्षासन उत्तम. ताकदीसाठी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे, कारण वयाबरोबर मांड्यांचे स्नायू झिजतात आणि पडण्याची भीती तिथूनच सुरू होते. हाडांची घनता कमी असल्यास पश्चिमोत्तानासनासारखे पाठीतून पुढे खोल वाकणे टाळावे.

प्रश्न : मला काचबिंदू आहे. वीस वर्षांची शीर्षासनाची सवय सोडावी का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : होय, लगेच. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो. सर्वांगासन आणि अधोमुख श्वानासनही टाळावे. ताडासन, वज्रासन आणि संथ श्वसन सुरू ठेवावे, आणि पुढच्या तपासणीत नेत्रतज्ज्ञांना या वीस वर्षांच्या सवयीविषयी जरूर सांगावे.