वन्समोअर अडाणी आणि एन्कोर शहाणा?

प्रश्न असा आलाय की ऑपेराच्या एका बातमीत गायकाने 'बिस' दिला असं वाचलं, दुसऱ्या बातमीत त्यालाच 'एन्कोर' म्हटलंय, आपण मराठीत 'वन्समोअर' म्हणतो पण इंग्रज माणूस थेटरात असं ओरडत नाही, मग आपला शब्द चुकीचा का, आणि लिहायचा कसा, जोडून की तोडून.

आधी एक राग काढून घेतो. हल्ली कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक लाडात येऊन म्हणतात, 'रसिकांच्या आग्रहाखातर एक वन्समोअर', आणि गायिका भलतंच नवीन गाणं सुरू करते. अहो, तेच पद पुन्हा म्हटलं तर तो वन्समोअर. शेवटी जास्तीचं म्हटलं तर ती भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर. इंग्रजीत 'एन्कोर' दोन्हीला चालतो म्हणून आपणही दोन्हीला एकच शब्द वापरायचा, ही कुठली सक्ती?

आता ते 'इंग्रज असं ओरडत नाहीत' प्रकरण. नाही ओरडत, कबूल. पण ते ओरडतात काय? 'एन्कोर', फ्रेंच शब्द. आणि तो शब्द फ्रेंच लोक थेटरात ओरडत नाहीत, ते ओरडतात 'बिस', म्हणजे लॅटिन. इटालियन लोकही 'बिस'च म्हणतात. म्हणजे सगळा युरोप दुसऱ्याच्या भाषेत ओरडतोय आणि मराठी माणसाने इंग्रजी उसनं घेतलं तर तेवढा तो अडाणी.

हा 'एन्कोर' लंडनमध्ये रुळला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, इटालियन ऑपेराचं खूळ नवीन होतं तेव्हा. १७१० ला हेमार्केटच्या थेटरात एक इटालियन ऑपेरा लागला, त्यात निकोलिनी नावाचा प्रसिद्ध गायक स्टेजवर सिंहाशी झुंजायचा, नुसत्या हातांनी. ॲडिसन नावाच्या इंग्रज निबंधकाराने मार्च १७११ मध्ये 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात त्या सिंहाचीच समीक्षा लिहिली. पहिला सिंह म्हणजे थेटरातल्या मेणबत्त्यांची काजळी काढणारा, तापट गडी, मरायला तयारच होईना म्हणून काढला. दुसरा पेशाने शिंपी, तो इतका गरीब की हात लागताच आडवा, एकदा मात्र त्याने निकोलिनीचा अंगरखा टरकावला, पण म्हणे शिवायचं काम आपल्यालाच मिळावं म्हणून. तिसरा गावाकडचा खानदानी माणूस, हौसेखातर सिंह होणारा. वर बाजारगप्पा अशी की पडद्यामागे सिंह आणि निकोलिनी एकत्र बसून चिलीम ओढताना दिसले. तीनशे वर्षं झाली, याच्यापेक्षा चांगला ऑपेरा-गॉसिप मी वाचलेला नाही.

तर मुद्दा असा की पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १७१२ मध्ये, त्याच नियतकालिकात एका 'वाचकाचं' पत्र येतं: हल्ली लोक गाणं आवडलं की 'एन्कोर' किंवा 'आल्त्रो वोल्तो' ओरडतात आणि गायक पुन्हा गातो, म्हणून सिंह मारल्यावर मीही जोरात 'आल्त्रो वोल्तो' ओरडलो, पण कुणी दखल घेतली नाही, सिंहाला उचलून नेलं आणि त्या रात्री तो परत काही मेला नाही. आता गंमत बघा, 'दुसऱ्यांदा' हे इटालियनमध्ये 'आल्त्रा वोल्ता'. 'वोल्तो' म्हणजे चेहरा! म्हणजे हे सद्गृहस्थ सिंहाकडे दुसरा चेहरा मागत होते.

आणि इथेच माझं कोशकारांशी वाजतं. ते 'एन्कोर' फ्रेंच म्हणून नोंदवून मोकळे होतात. अरे पण ऑपेरा इटालियन, गायक इटालियन, शेजारी ओरडला जाणारा शब्द (मोडका का होईना) इटालियन, आणि इटालियनमध्ये 'आंकोरा' म्हणजे 'अजून, पुन्हा' हा शब्द आहेच. माझं ठाम मत, इंग्रजांनी ऐकला 'आंकोरा' आणि त्याला ओळखीचे फ्रेंच कपडे चढवले. ज्यांना 'वोल्ता'चा 'वोल्तो' करता येतो त्यांना हे काय अवघड? कोशकारांनी टेबलावरून उठून एकदा थेटरात बसायला हवं, शब्द तिथे कानातून येतात.

पण खरा लाडका आहे तो 'बिस'. लॅटिनमध्ये म्हणजे 'दोनदा'. जुन्या लॅटिनमध्ये तो होता 'दुइस'. सुरुवातीच्या 'दु'चा 'ब' झाला, जसं 'दुएल्लुम'चं (युद्ध) 'बेल्लुम' झालं. आणि संस्कृतात 'दोनदा' काय? 'द्विः'. सख्खी भावंडं. आता आपल्याकडे बघा, द्वादशचे बारा, द्वाविंशतीचे बावीस, आणि 'द्वे'चा प्राकृतातून झालेला 'बे'. बे एके बे, बे दुणे चार! 'द्व'चा 'ब' करायची खोड रोमलाही लागली आणि आपल्यालाही, एकमेकांना न विचारता. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात लोक 'बिस! बिस!' ओरडतात तेव्हा ते आपल्या पहिलीतल्या पाढ्याच्या चुलत भावाला हाक मारत असतात. (बिस्किटातलाही तोच, दोनदा भाजलेलं ते बिस्कीट. चहात बुडवताना आठवा.)

या बिसपायी भांडणं मात्र रग्गड. १७८६ ला व्हिएन्नात मोत्झार्टच्या 'फिगारो' या ऑपेराच्या तिसऱ्या प्रयोगाला सात गाणी पुन्हा म्हणावी लागली, त्यातलं एक छोटं द्वंद्वगीत तर तीनदा, शेवटी बादशहा दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं की एकापेक्षा जास्त आवाजांचं गाणं परत होणार नाही. ला स्कालात तर १९३३ नंतर थेट २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेसने बिस दिला, नऊ वेळा वरचा सा लावायचं गाणं (आपल्या भाषेत सांगायचं तर), आणि जगभर बातमी झाली. २०१६ मध्ये व्हिएन्नात 'तोस्का' या ऑपेरात योनास काउफमान या गायकाने तिसऱ्या अंकातलं गाणं पुन्हा गायलं, नायिका आंजेला गेओर्ग्यू एंट्रीला आल्याच नाहीत, तर पठ्ठ्याने सुरातच गाऊन सांगितलं, 'आपल्याकडे सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) नाहीये'. लोक हसून बेजार. २०२४ ला दक्षिण कोरियात सोलमध्ये तेच गाणं दुसऱ्या गायकाने पुन्हा सुरू केलं तर या बाई गाणं चालू असतानाच स्टेजवर आल्या, हा नाटकाचा प्रयोग आहे, मैफल नाही, असं सुनावलं, आणि शेवटी प्रेक्षकांची हुर्यो खाऊन गेल्या. बाईंचा मुद्दा चूक नाहीये हो, नायक मरायला निघालाय आणि मधेच प्रेक्षकांशी व्यवहार. पण संगीत नाटक बघून वाढलेल्या माणसाला हे पटणं कठीण. आमच्याकडे वन्समोअरमुळे पहाट व्हायची आणि तक्रार कुणी करायचं नाही.

आणि क्रियापद बघा ना. इटालियन गायक बिस 'देतो', उपकार केल्यासारखा. मराठी नट वन्समोअर 'घेतो'. पदाला तीन वन्समोअर 'मिळतात'. देणारा प्रेक्षक, घेणारा नट. हे इंग्रजीतून आलेलं नाही, हे आपलं आहे, आणि ज्या शब्दाला स्वतःचं क्रियापद मिळालं तो परका कसला.

हां, लिहायचं कसं ते राहिलंच. जोडून. पुल्लिंगी. तीन असले तरी वन्समोअरच, 'वन्समोअर्स' लिहिलंत तर मात्र माझ्याशी गाठ आहे.