टेनिसच्या सामन्यावर पैसे लावायला पॉलिमार्केट, कॅल्शी आणि बेटफेअर यांपैकी कोणतं बरं?

एकाच सामन्याचा भाव तीन ठिकाणी तीन दिसतो, मग लावायचं कुठे, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही एक्स्चेंजच, म्हणजे लोक एकमेकांशी सौदे करतात असे ऑनलाइन बाजार: बेटफेअर ब्रिटनचा, कॅल्शी अमेरिकेचा, पॉलिमार्केट क्रिप्टोवर चालणारा. तुम्ही नाशिकचे आहात असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून आधी तेवढं उरकतो. नाशिकहून यातलं एकही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले. ‘हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे’ ही जुनी पळवाटही त्यात बुजली. प्रोबो या भारतीय अ‍ॅपने ‘हो की नाही’वाला पैशांचा खेळ लगेच थांबवला. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, हे खरं. पण असे पैसे पोचवायला बँकांनाही मनाई आहे. उरतो व्हीपीएन आणि क्रिप्टोचा चोरवाटेचा मार्ग. उद्या खातं गोठलं तर तक्रार कुणाकडे करणार?

आता मूळ प्रश्न. मी आधी काही वर्षं लंडनला होतो, आता न्यू जर्सीत आहे. बेटफेअर तिथे वापरलं, कॅल्शी इथे वापरतो, पॉलिमार्केट नुसतं बघतो. पैसे थोडे लावतो, पण टेनिस खूप बघतो.

भाव तीन दिसतात त्यातला अर्धा फरक लिहिण्याच्या पद्धतीचा असतो. बेटफेअरवर १.६० दिसलं तर एकाला त्याने भागा: ०.६२५, म्हणजे साडेबासष्ट टक्के. कॅल्शी आणि पॉलिमार्केटवर तोच भाव सेंटमध्ये दिसतो. ६३ सेंटला ‘हो’ घ्यायचा, जिंकला तर एक डॉलर, हरला तर शून्य. म्हणजे हे दोन्ही भाव जवळपास एकच. उरलेला फरक बराचसा फी खाते.

कॅल्शीचं नेहमीचं सूत्र असं: भाव गुणिले (एक वजा भाव) गुणिले सात टक्के. ६३ सेंटचे शंभर करार घेतले तर ६३ डॉलर आणि वर १.६४ डॉलर फी. ही फी सौदा करतानाच जाते, तुम्ही जिंका नाहीतर हरा. पन्नास सेंटच्या आसपास ती सगळ्यात जास्त चावते, नव्वदच्या पुढे नगण्य होते. बेटफेअर उलट. तिथे हरलात तर कमिशन नाही, जिंकलात तर निव्वळ नफ्यावर, तुम्ही निवडलेल्या योजनेप्रमाणे दोन टक्के किंवा जास्त. तेच ६३ तिथे १.६० ला लावले तर नफा ३७.८० होतो आणि दोन टक्के कापून ३७.०४ हातात येतात. कॅल्शीवर ३५.३६. अटीतटीच्या सामन्यात हा फरक मोठा आहे.

पण खरं सांगू का, भाव आणि फी यांत डोकं घालून मी पहिली दोन वर्षं वाया घालवली. टेनिसमध्ये बघायची गोष्ट दुसरीच आहे: खेळाडूने सामना अर्धवट सोडला तर काय?

क्रिकेटला हा प्रश्न असा पडत नाही. टेनिसला दर आठवड्याला पडतो. विम्बल्डन २०२५ चा सिनर–दिमित्रोव्ह सामना आठवा. दिमित्रोव्ह ६-३, ७-५ असा दोन सेटने पुढे होता, तिसऱ्यात २-२ झाले होते. सर्व्हिस करताना छातीचा स्नायू दुखावला आणि तो खाली बसला. संपलं. सिनर पुढच्या फेरीत गेला आणि शेवटी स्पर्धाही जिंकला. ज्याने दिमित्रोव्हवर लावले होते, त्याचा अंदाज जवळजवळ दोन तास बरोबर होता आणि मिळाला शून्य. बेटफेअरचा नियम असा की एक सेट पूर्ण झाला असेल तर पुढे जाणारा खेळाडू विजेता. पहिला सेटच पूर्ण झाला नसेल तर सगळ्यांचे पैसे परत. इंग्लंडमधल्या काही साध्या बुकींकडे मात्र सामना पुरता झाला नाही तर सौदा रद्द. म्हणजे एकाच दुखापतीने एका ठिकाणी पैसे बुडतात आणि दुसऱ्या ठिकाणी परत येतात. कॅल्शी आणि पॉलिमार्केटवर प्रत्येक बाजाराखाली नियमाचा मजकूर असतो. त्यात दोन वाक्यं शोधायची: सामना सुरू होऊन कुणी सोडला तर, आणि सामना सुरूच झाला नाही तर. ती वाचल्याशिवाय भावाला अर्थ नाही. दुखऱ्या गुडघ्याने उतरलेल्या खेळाडूचा भाव दोन ठिकाणी वेगळा दिसला, तर तो बहुतेक या नियमाचाच फरक असतो, कुणाची चूक नसते.

पॉलिमार्केटवर निकाल ठरवायची पद्धतही वेगळी आहे. कुणीतरी निकाल मांडतो, आक्षेप आला तर यूएमए नावाचं क्रिप्टो टोकन बाळगणाऱ्यांच्या मतदानापर्यंत प्रकरण जातं. २०२५ मध्ये झेलेन्स्की सूट घालतील का यावर तिथे सौदे झाले होते, आणि त्यांनी घातला तो सूट होता की नाही यावर केवढा तमाशा झाला! टेनिसचा स्कोअर त्या मानाने सरळ, म्हणून भांडणं कमी. सौद्यावर त्यांनी बराच काळ फी घेतली नाही, आता काही बाजारांत घेतात. व्यवहार डॉलरला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात. ब्रिटनमधून तिथे सौदा करता येत नाही, हे लंडनला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

सामना चालू असताना लावणार असाल तर आणखी एक. टीव्हीवर तुम्हाला दिसणारा पॉइंट काही सेकंद शिळा असतो. स्टँडमध्ये बसून फोनवर स्कोअर पोचवणारी माणसं असतात. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये यावरून एका ब्रिटिश तरुणाला अटकही झाली होती, आरोप पुढे मागे घेतले. त्यांच्याशी शर्यत लावून तुम्ही जिंकणार नाही. मी तरी नाही जिंकलो. शिवाय घाईत बटणं चुकतात. एका एक्स्चेंजवर मी लगाईऐवजी खाई दाबली होती, म्हणजे ज्या मुलीवर लावायचे तिच्याच विरुद्ध. कळेपर्यंत तिने समोरचीची सर्व्हिस मोडली होती.

आणि छोट्या स्पर्धांपासून लांब राहा. चॅलेंजरच्या पहिल्या फेरीत घेणारा ५० आणि देणारा ५८ सेंट म्हणतो, मधले आठ सेंट तुमचे गेले. मोठ्या बाजारातही नवल घडतं. २००७ मध्ये पोलंडच्या सोपोटला डेव्हिडेन्कोने पहिला सेट ६-२ जिंकला, तरी बेटफेअरवर पैसा त्याच्या विरुद्ध वाहत राहिला. तिसऱ्या सेटमध्ये पाय दुखतो म्हणून त्याने सामना सोडला. बेटफेअरने त्या सामन्यावरचे सगळे सौदे रद्द केले. वर्षभराच्या चौकशीनंतर दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले, पण ‘आम्ही सौदा रद्द करू शकतो’ हे कलम तेव्हापासून मी सगळीकडे आधी शोधतो.

तर लंडनला असाल तर बेटफेअर, नाहीतर स्मार्केट्स हा तसाच दुसरा एक्स्चेंज. अमेरिकेत कॅल्शी, पण त्यांचे राज्यांशी खटले चालू असतात, म्हणून मोठी रक्कम खात्यात पडू देऊ नका. नाशिकला असाल तर भाव फुकट बघा. फ्रेंच ओपन २०२५ च्या अंतिम सामन्यात चौथ्या सेटला अल्काराझ ३-५, ०-४० होता, म्हणजे सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट. पुढे अल्काराझ पाच तास एकोणतीस मिनिटांनी जिंकला. तशा वेळी एका डोळ्याने स्कोअर आणि दुसऱ्याने भाव बघत बसण्यात जी मजा आहे, तिला खातं लागत नाही.