उघड्या पडलेल्या वेलीला वरून फूट कशी येईल?

प्रश्न : ताई, माझ्याकडे चार वर्षांपासून मनी प्लांट आहे. उंच फळीवरून खाली सोडलेल्या तीन वेली आता नऊ-नऊ फूट झाल्यात. पण कुंडीपासून दोन हात नुसती दोरी, पानं सगळी खालच्या टोकाला. पंधरा दिवसांपूर्वी तिन्ही वेली टोकाकडून हातभर कापल्या. झाडाला ताकद यावी म्हणून तेव्हापासून रोज पाणी देते आहे, दोन चमचे खतही घातलं. आता उरलेली पानं पिवळी पडताहेत आणि वरच्या उघड्या भागावर काहीच फुटलेलं नाही. वेल मरते आहे का? कापलेले तुकडे पाण्यात ठेवलेत, त्यांचं काय करू?

उत्तर : मरत नाहीये. पण पाणी आजच थांबवा, बाकीचं मग बोलू.

वेल कुंडीतलं पाणी ओढते ती मुख्यतः पानांच्या जिवावर. तुमच्या वेलींना पानं होती ती टोकाला, म्हणजे हातभर कापलं तेव्हा बरीच पानं गेली असणार. पाणी ओढणारं कमी झालं आणि देणारं वाढलं. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, आणि त्याची पहिली खूण म्हणजे ही पिवळी पानं. आपल्याला वाटतं, जखम झाली आहे, काहीतरी द्यायला हवं. छाटणीनंतरची बहुतेक झाडं मी या मायेपोटीच गेलेली पाहिली आहेत, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

बोट दोन पेरं मातीत घाला. तिथे कोरडं लागेपर्यंत थेंबही नको. त्यानंतरचं पहिलं पाणी मात्र सावकाश आणि भरपूर द्या, कुंडीच्या खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. जादा खताचे क्षार त्याबरोबर निघून जातील. नवं पान पूर्ण उलगडेपर्यंत पुन्हा खत नको. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती देठाशी खुडून टाका.

आता वर का फुटलं नाही ते. वेलीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून मागे, कुंडीच्या दिशेनं उतरत जातं. ते येत राहतं तोवर पेरांवरचे डोळे, म्हणजे नवी फूट जिथून येते ते कोंब, निजून राहतात. शेंडा कापला की हा निरोप तुटतो, पण जागे होतात ते कापाच्या लगतचे एक-दोन डोळेच. तुम्ही टोकाशी कापलंत, तेव्हा फूटही टोकाशीच येणार. उघडा भाग भरायचा असेल तर कापही त्या उघड्या भागातच घ्यावा लागतो. पानं असलेली एवढी लांब वेल मधूनच तोडायला हात धजावत नाही, हे मला कळतं. तरी दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

मात्र तिन्ही वेली एकदम कापू नका. मी एकदा एका अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीतल्या सगळ्या वेली एकाच दिवशी बुंध्यापर्यंत आणल्या. एकही पान न उरल्यामुळे मुळांना पोसणारं काही राहिलं नाही. दोन महिने नुसते खुंट बघत बसले आणि त्यातले दोन कुजून गेले. आता एका वेळी एकच वेल कापते, तिला फूट आली की दुसरी.

तुमची वेल सावरली, म्हणजे आठवडाभर आणखी एकही पान पिवळं पडलं नाही, की एक वेल निवडा आणि मातीपासून तीन-चार पेरं मोजा. गळालेल्या पानाचा वळ खोडाभोवती दिसतो, तेच पेर. त्यावरून हळूच अंगठा फिरवा. वळाच्या लगत, शेंड्याच्या बाजूला, बारीक टोकदार उंचवटा लागतो. तो डोळा. तपकिरी, खरखरीत गाठ असते ती हवाई मुळाची, तिला डोळा समजू नका. डोळा कुंडीकडच्या भागावर राहायला हवा, म्हणून काप पेराच्या पलीकडे, शेंड्याच्या बाजूला, नखाएवढी जागा सोडून घ्या. इथे हमखास गोंधळ होतो. ‘पेराच्या वर कापा’ असं सगळे सांगतात, पण लोंबणाऱ्या वेलीचा शेंडा खाली असतो! वेल हातात उचलून आडवी धरा, मग चुकणार नाही. गळालेल्या देठाच्या जागी तेच पान पुन्हा येत नाही. येते ती डोळ्यातून नवी फूट, आधी हिरवं टोक आणि मग सुरळी केलेलं पान. उबदार, उजेडाच्या दिवसांत तीन-चार आठवडे, थंडीत बरेच जास्त.

कात्री धारदार हवी आणि आधी स्पिरिटनं पुसलेली. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानं काहींच्या हाताला खाज सुटते. मांजर, कुत्रा किंवा लहान मूल असेल तर तुकडे जमिनीवर पडू देऊ नका, चावल्यास तोंडाची आग होते.

उजेडाचं मात्र मनावर घ्या. उंच फळीवर छताजवळ प्रकाश पोचत नाही, खिडकीच्या उंचीला लोंबणारा भाग तेवढा तो पितो. वर टक्कल पडण्याचं मला हेच कारण वाटतं. दोन पानांमधलं कांडं मोजा. जुनी कांडी आखूड आणि अलीकडची लांब असतील तर वेल उजेड शोधत पळते आहे. कुंडी खाली घ्या, खिडकीजवळ ठेवा, पण कडक ऊन अंगावर नको. जागा न बदलता केलेली छाटणी वर्षभरात पुन्हा तिथेच आणून सोडते.

आणि ते तुकडे टाकू नका, दाटपणा लवकर येतो तो त्यांच्यामुळेच. प्रत्येक तुकड्याला एक पेर आणि एक पान पुरे. पेर पाण्यात, पान बाहेर. पाणी दर आठवड्याला बदला. मुळं दोनेक इंच झाली की मातीत लावा, पण लगेच मूळच्या कुंडीत नको. पाण्यात वाढलेल्या मुळांना सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ओलसर माती लागते आणि तुमच्या जुन्या मुळांना नेमकी कोरड हवी आहे. आधी छोट्या वेगळ्या कुंडीत वाढवा, महिन्या-दीड महिन्यानं मोठ्या कुंडीतल्या रिकाम्या जागी बसवा.

उघडी दोरी कापाल तिचेही पेरागणिक तुकडे करता येतात. ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) आडवे ठेवा, डोळा वर, निम्मं अंग आत. सगळे नाही धरत, पण बरेच धरतात.

काप घेतल्यावर पंधरा दिवसांनी त्या पेराला पुन्हा अंगठा लावून बघा. पेरापुढचा नखाएवढा भाग सुकून तपकिरी झाला असेल तर तो तसाच राहू द्या, ओढू नका. पेर टणक आणि हिरवं असेल तर वाट बघा. मऊ पडलं असेल तर आणखी एक पेर आत, कुंडीच्या बाजूला, स्वच्छ काप घ्या आणि पाणी अजून लांबवा.