टीबी आणि एचआयव्ही एकदम निघाले, तर आधी एकाचं औषध संपवून मग दुसऱ्याचं सुरू करावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ सुरतहून तापाने फणफणत घरी आला, मानेला गाठ, गाठीत टीबी सापडला, आणि टीबी निघाला म्हणून रक्त तपासलं तर एचआयव्हीही. डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या आजपासून, एचआयव्हीच्या दोन आठवड्यांच्या आत. घरचे म्हणतात अंगात जीव नाही, आधी एक दुखणं तरी संपू द्या. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारताय.

डॉक्टरांचं ऐका. मी डॉक्टर नाही, पण २०२२ मध्ये मी तुमच्या भावाच्याच जागी होतो. मीही सुरतच्या एका डाईंग मिलमध्ये होतो, मीही भुसावळच्या गाडीने अमळनेरला उतरलो, तेव्हा वजन ४१ किलो होतं. माझी माय तेव्हा अहिराणीत हेच म्हणाली होती, "इतल्या गोया खाईसन पोर कसा जगी?"

टीबीचे जंतू खूप जणांच्या अंगात झोपलेले असतात. शरीराची ताकद शाबूत असेपर्यंत ते उठत नाहीत. एचआयव्ही तीच ताकद पोखरतो, म्हणून टीबी वर येतो. नुसत्या टीबीवर औषध दिलं आणि एचआयव्ही सहा महिने तसाच राहू दिला, तर त्या सहा महिन्यांत ताकद आणखी घसरते आणि माणूस तिसऱ्याच कशाने तरी जातो. एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव घेणाऱ्या आजारांत टीबी आजही सगळ्यात पुढे आहे. म्हणून टीबीचं औषध आधी, ते अंगाला लागलं की दोन आठवड्यांच्या आत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, आणि मग दोन्ही सोबत. मेंदूच्या टीबीत मात्र एआरटी मुद्दाम चार ते आठ आठवडे लांबवतात, कारण तिथे सूज वाढली तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या भावाचा टीबी गाठीचा आहे. तरी डोकं सतत दुखणं, उलट्या, बरळणं असं काही असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

गोळ्या किती, ते माझ्या हिशेबाने सांगतो. टीबीची औषधं एकाच गोळीत एकत्र येतात आणि वजनावर किती घ्यायच्या ते ठरतं. ४१ किलोला मला तीन होत्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सोबत टीएलडी ही एचआयव्हीची एक गोळी, तिच्यात डोल्युटेग्रावीर हे औषध असतं. संध्याकाळी डोल्युटेग्रावीरची एक जादा. एक कोट्रायमोक्साझोल, म्हणजे दुसरे जंतुसंसर्ग होऊ नयेत म्हणून. एक बी-६, कारण टीबीच्या आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येतात, त्या येऊ नयेत म्हणून. दिवसाला सात झाल्या. सगळ्या सरकारी केंद्रात फुकट.

यातली संध्याकाळची गोळी लोक सोडतात. मी केंद्राबाहेर बसून किती जणांकडून ऐकलं, "सकाळी तीच गोळी घेतली ना, परत कशाला?" ते नीट समजून घ्या. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन. ते यकृताला कामाला लावतं, आणि यकृत डोल्युटेग्रावीर नेहमीपेक्षा फार लवकर संपवून टाकतं. सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत रक्तात पुरत नाही. म्हणून ५० मिलिग्रॅमची आणखी एक, बारा तासांच्या अंतराने. ती चुकत राहिली तर विषाणूला औषधाची चव लागते आणि मग ते औषध त्याच्यावर चालेनासं होतं. टीबीच्या गोळ्या संपल्यावरही ही जादा गोळी दोन आठवडे चालूच ठेवायची, कारण यकृत लगेच पूर्ववत होत नाही. मी सकाळी सात आणि संध्याकाळी सात धरले होते. संध्याकाळी गुरांना चारा टाकला की गोळी, असं लावून घेतल्यामुळे मोबाईलच्या गजराची गरज पडली नाही. (कोणाला आधीपासून दुसऱ्या फळीची, म्हणजे पहिली चालेनाशी झाल्यावर देतात ती, एचआयव्हीची औषधं चालू असतील तर रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात. ते गणित वेगळं, केंद्रात विचारा.)

अॅसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी डोल्युटेग्रावीरला चिकटून बसतात आणि ते अंगात उतरू देत नाहीत. आपल्याकडे शेवभाजी खाल्ली की जळजळ आणि जळजळ झाली की ते गुलाबी औषध, ही सवय घरोघरी आहे. भावाला सांगा, आधी डोल्युटेग्रावीर, मग किमान दोन तास थांबून ते. आणि ते आधीच घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबा. शक्यतो तिखट कमी करा, म्हणजे वेळच येणार नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्या घरी ती होण्याची शक्यता फार आहे. एआरटी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या मानेची गाठ लिंबाएवढी झाली. खाली आलेला ताप परत चढला. शेजारच्यांनी ठरवलं, गोळ्या गरम पडल्या. मी सगळ्या बंद केल्या, नऊ दिवस. दहाव्या दिवशी भावाने मला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून, केंद्रात नेलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी समजावलं ते आजही लक्षात आहे. औषधामुळे अंगाची ताकद जागी झाली होती, तिला आता कुठे टीबीचे जंतू दिसले होते, आणि ती त्यांच्यावर तुटून पडली म्हणून गाठ सुजली होती. डॉक्टर त्याला आयरिस म्हणतात. औषध लागू पडत असतानाच हे होतं आणि पहिल्या तीन महिन्यांत होऊ शकतं. माझी गाठ परत तपासली, टीबीचं औषध चालत नाही असं तर नाही ना ते पाहिलं, काही दिवस स्टिरॉइड दिलं. गाठ बसली. पण त्या नऊ दिवसांनी मला पुढे किती दिवस झोप लागली नाही, की आता औषध चालेल का. चाललं. सगळ्यांचं चालतंच असं नाही, म्हणून हे लिहितोय.

लघवी पहिल्याच दिवसापासून नारिंगी होईल. ते रिफाम्पिसिन आहे, घाबरू नका. पण डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, अन्नावरची वासना उडाली, पोटाच्या उजव्या बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण ते यकृत आहे. दारू पीत असेल तर या काळात पूर्ण बंद. नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा ओळखता येईना, वाळत घातलेली मिरची आणि हिरवी मिरची सारखीच दिसू लागली, तर टीबीच्या गोळीतल्या एथॅम्ब्युटॉल या औषधामुळे असू शकतं, लगेच सांगा. अंगावर पुरळ आलं तरी सांगा.

खाण्याचं फार अवघड करू नका. कळण्याची भाकरी, दाळ, शेंगदाणे, परवडलं तर रोज अंडं. टीबीच्या माणसाला खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात. मला महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. खातं आणि आधार आत्ताच देऊन ठेवा. आणि वजन वाढलं की टीबीच्या गोळ्याही वाढू शकतात, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं राहायचं.

घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या, लहान मुलांची आधी. वहिनी असतील तर त्यांची एचआयव्ही तपासणीही. माझी बायको निगेटिव्ह निघाली, आजही आहे. एआरटी नियमित घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडेनासा झाला की संबंधातून पसरत नाही.

गावात काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल. आम्ही टीबी सांगितला, दुसरं सांगितलं नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. भावाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कोणाला देता येत नाही, आणि या कारणाने कामावरून काढताही येत नाही.

ताप उतरला, चार किलो वजन वाढलं की त्याला सुरतची ओढ लागेल. मलाही लागली होती. जायचंच असेल तर न सांगता गाडी पकडू देऊ नका. एआरटी केंद्रातून बदलीचं पत्र घ्या, टीबीचा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, सोबत ठेवा, तो गुजरातमध्येही चालतो. माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने तरी त्याला घरीच ठेवा. गाठ फुगायची असेल तर याच दिवसांत फुगेल, आणि तेव्हा गोळ्या बंद न करता त्याला गाडीवर बसवून नेणारं कोणीतरी जवळ हवं.

तो पुढच्या वेळी केंद्रात जाईल तेव्हा तुम्ही सोबत जा आणि टेबलावर मिळालेल्या गोळ्या तिथेच मोजा. संध्याकाळची डोल्युटेग्रावीर वेगळ्या डबीत दिली आहे का ते पाहा. नसेल तर विचारल्याशिवाय उठू नका. अडलं तर टीबीसाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७, दोन्ही फोन फुकट आहेत.